एकरी पोतं, फुटी ग्रॅम

वहिनींच्या बीदरच्या घरापुढे १२ बाय २५ फुटांची हिरवळ आहे. साईट नव्या लेआऊटमधली, घर बांधून तीन वर्षं झाली, आणि ही हिरवळ त्यांनी मुलासारखी वाढवली. गेल्या वर्षी मृगाची पहिली सर पडून गेली. भालकीच्या रानात उरलेला युरिया माहेरच्यांनी पिशवीत घालून पाठवला होता. त्यातला दोनेक किलो वहिनींनी सकाळी मुठी भरभरून फेकला. नंतर दोन दिवस पाऊस फिरकला नाही. चौथ्या दिवशी हिरवळीवर ताटलीएवढे तपकिरी डाग पडले. मी वाकून पाहिलं. डागाच्या मधोमध गवत पार करपलेलं, आणि त्याच डागाच्या कडेला बोटभर रुंदीचं कडं गडद हिरवं, इतर गवतापेक्षा दुप्पट उंच. मूठ जिथे पडली तिथे जळालं, जिथे चार दाणे उडाले तिथे तरारलं.

‘भावजी, तुम्ही शेतीवर लिहिता ना? मग एवढंच सांगा, किती टाकायचं असतं?’ त्यांनी विचारलं.

प्रश्न छोटा आहे, पण सरळ उत्तर सहज मिळत नाही. आपल्या भागात, औरादपासून बसवकल्याणपर्यंत आणि खाली आळंदपर्यंत, कुणालाही विचारा की तुरीला खत किती. ‘एकरी एक पोतं डीएपी’ हे उत्तर झोपेतही येईल. ते बरोबरही आहे. ५० किलोच्या पोत्यात १८ टक्के नत्र म्हणजे ९ किलो, आणि ४६ टक्के स्फुरद म्हणजे २३ किलो. हेक्टरी धरलं तर २२ आणि ५७ किलोच्या आसपास. कोरडवाहू तुरीची शिफारस हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद अशी आहे. कलबुर्गीच्या तूरडाळीला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण हिरवळीचा विषय निघाला की नर्सरीवाला म्हणतो, ‘थोडं थोडं टाका.’ थोडं म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही. पुस्तकातला आकडा हेक्टरात, रानातला एकरात आणि घर चौरस फुटात. या तीन मापांच्या मध्ये गवत जळतं.

म्हणून आधी माप जुळवू. एकर म्हणजे ४० गुंठे. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. म्हणजे एकर झाला ४३,५६० चौरस फुटांचा. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं येतं, म्हणजे ४५,००० ग्रॅम. भागाकार करा: चौरस फुटाला एक ग्रॅम आणि वर किंचित. एकरी एक पोतं युरिया म्हणजे फुटी एक ग्रॅम युरिया.

आता दुसऱ्या बाजूने पाहू. घरापुढची हिरवळ ही अमेरिकेत घरोघरची गोष्ट, त्यामुळे तिथल्या कृषी विद्यापीठांनी या एका प्रश्नावर दशकानुदशकं काम केलं. त्यांचा पाया असा: लगेच विरघळणारं नत्र एका वेळी हजार चौरस फुटांना एक पौंड, त्याहून जास्त नको. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम नत्र. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणजे ९८६ ग्रॅम युरिया. हजार फुटांना ९८६ ग्रॅम, म्हणजे पुन्हा फुटाला एक ग्रॅमच. योगायोग म्हणा, पण लक्षात ठेवायला याहून सोपं माप मला तरी सापडलेलं नाही. त्यांचे हजार फूट आणि आपला गुंठाही जवळजवळ सारखेच.

या मापाने वहिनींचा हिशोब घातला. दोन किलो युरिया ३०० फुटांवर, म्हणजे फुटाला पावणेसात ग्रॅम. एकरी साडेसहा पोती. महाराष्ट्रात सुरू उसाला वर्षभराचं नत्र हेक्टरी २५० किलो सांगतात. युरियात मोजलं तर ते एकरी पाच पोत्यांच्या आत बसतं, आणि तेही चार हप्त्यांत विभागून. म्हणजे उसाच्या फडाला वर्षभरात जेवढं देत नाहीत, तेवढं त्या कोवळ्या गवताला एका सकाळी मिळालं. त्यात पाऊस नाही. विरघळलेला क्षार मुळांकडचं पाणी उलट ओढून घेतो, आणि गवत भर ओल्या जमिनीत तहानेने मरतं.

पण फुटी एक ग्रॅम ही एका वेळची वरची हद्द झाली. वर्षात किती वेळा आणि कोणत्या मातीत, हे प्रश्न उरतातच, आणि सगळा खरा विचार तिथे आहे.

गवतापासून सुरुवात करू. आपल्याकडची बहुतेक हिरवळ हरळीची. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच; कन्नडमध्ये गरिके. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन, आणि अमेरिकेत हिलाच बर्म्युडा ग्रास म्हणतात. त्यामुळे तिकडचे आकडे आपल्याला परके नाहीत, गवत एकच आहे. ज्या हरळीच्या काशा वेचायला आपला शेतकरी उन्हाळाभर नांगरटीमागे वाकतो, तीच हरळी जगवायला शहरात खत विकत घेतात; म्हणजे ती किती थोडक्यात भागवते हे शेतकऱ्याला आधीच माहीत आहे. हरळी उष्ण हवेतलं गवत. ऊब आणि ओल दोन्ही एकत्र मिळाली की वाढते. आपल्याकडे हा काळ जून ते ऑक्टोबर. बीदरच्या पठारावर डिसेंबरच्या थंड रात्री ती थबकते, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी नसेल तर सरळ झोपी जाते. झोपलेल्या गवताला खत घालणं म्हणजे जेवण झालेल्या माणसापुढे पुन्हा ताट मांडणं. म्हणून घरच्या हरळीला वर्षात जास्तीत जास्त तीन वेळा: जूनमध्ये चांगली ओल झाल्यावर, ऑगस्टच्या मध्यावर आणि पाऊस सरता सरता ऑक्टोबरच्या सुरुवातीला. नर्सरीतून गालिच्यासारखी गुंडाळून येणारी बारीक पात्याची कोरियन किंवा मेक्सिकन हिरवळ लावली असेल तर ती सावकाश वाढते. तिला याच्या निम्म्यात भागतं.

माती मात्र दहा-वीस किलोमीटरवर बदलते. बीदर शहर जांभ्याच्या पठारावर आहे, किल्लाही त्याच जांभ्या दगडात उभा आहे. इथली तांबडी मुरमाड माती पाणी धरत नाही आणि पाण्याबरोबर नत्रही धरत नाही. हे समजायला बिदरी कारागिराकडे पाहावं. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचं भांडं चांदीची तार बसवून झालं की तो किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून ते पाणी उकळतो, भांडं त्यात घालतो; भांडं काळंभोर होतं आणि चांदी पांढरीच राहते. माती कुठलीही चालत नाही. जुन्या वास्तूंच्या आतली, वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेली माती लागते, आणि कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतो. त्या मातीत सोरा, म्हणजे नायट्रेट साठलेलं असतं असं सांगतात. नायट्रेट पाण्यात लगेच विरघळतं. छपराखाली ते टिकतं, उघड्यावर पडलं की पाऊस खाली घेऊन जातो. मला ही खताच्या अभ्यासाची सगळ्यात सुंदर खूण वाटते. बीदरच्या तांबड्या अंगणात टाकलेला युरिया काही दिवसांत नायट्रेट होतो, आणि मोठा पाऊस झाला तर मुळांच्या खाली जाऊन तो कुणाच्या तरी बोअरमध्ये उतरतो. अशा मातीत फुटी एक ग्रॅमचे दोन भाग करावेत, अर्धा ग्रॅम आज आणि अर्धा तीन आठवड्यांनी.

पठार उतरून भालकी, औराद, आळंदकडे गेलं की काळी चुनखडीची जमीन लागते. ती ओल धरते, पालाश तिच्यात बहुधा भरपूर असतो, पण सामू आठच्या आसपास किंवा वर. अशा जमिनीवर युरिया नुसता वर पसरून ठेवला तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन हवेत उडतं. उन्हाच्या दिवशी त्याचा वास येतो. इथे युरिया टाकल्याबरोबर अर्धा तास पाणी सोडणं, हाच नियम.

घरापुढची माती मात्र बऱ्याचदा ना बीदरची असते ना भालकीची. ती टिपरवाल्याने आणून टाकलेली असते. खाली बांधकामाचा राडारोडा, सिमेंटचे गोळे, चुन्याचा चुरा, आणि वर चार बोटं लाल माती. वहिनींच्या अंगणात मी खुरपं घातलं तर सहाव्या इंचावर फरशीचा तुकडा लागला. अशा मातीचा अंदाज कुठल्याही जिल्ह्याच्या नकाशावरून येत नाही. तपासणीच करावी लागते.

मात्रा ठरवायच्या ज्या पद्धती आहेत त्यांत पहिली सरसकट शिफारशीची: पीक अमुक, खत तमुक. सोपी आहे, आणि काहीच माहीत नसताना आधाराची. दुसरी माती-परीक्षणाची. मातीतलं उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोंच्या खाली असेल तर कमी, ५६० पर्यंत मध्यम, त्यावर भरपूर; कमी निघालं तर शिफारस पाव पटीने वाढवायची, भरपूर निघालं तर तेवढीच घटवायची. तिसरी पद्धत आपल्या देशात वाढलेली आहे. १९६७ मध्ये राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की किती उत्पादन हवं ते आधी ठरवा. त्या पिकाला एक क्विंटल दाण्यामागे किती अन्न लागतं, त्यातलं माती किती देते आणि खतातलं किती खरंच पोचतं, यावरून मात्रा काढा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने त्यावर देशभर प्रयोग केले, आणि शेतासाठी ती आजही सगळ्यात नेमक्या रीतींपैकी एक आहे.

हिरवळीला ही तिसरी रीत लावून पाहिली तर एक गोष्ट लख्ख दिसते. शेतातून पोती बाहेर जातात. तुरीचा दाणा कलबुर्गीच्या बाजारात जातो, आणि दाण्याबरोबर रानातलं नत्र-स्फुरदही जातं. ते परत भरावंच लागतं. हिरवळीतून काय बाहेर जातं? कापलेलं गवत, तेही आपण उचलून कचऱ्यात टाकलं तरच. जिथून काही जात नाही तिथे भरायचं तरी किती? कापलेलं गवत तिथेच पसरू दिलं, तर वर्षाच्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा त्यातूनच परत मिळतो. त्यासाठी एकच पथ्य: एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त कापू नये. मग तुकडे बारीक राहतात आणि आठवड्यात मुरतात.

माती-परीक्षणाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सीमाभागात इथे एक खास अडचण येते. केंद्राची मृदा आरोग्य पत्रिका योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली; तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि सूक्ष्मद्रव्यं मिळून १२ गोष्टी मोजतात. त्याआधी २००९ पासून कर्नाटकात भूचेतना हा कार्यक्रम पाटणचेरूच्या इक्रिसॅट संस्थेच्या मदतीने चालला. राज्यभरच्या कोरडवाहू मातीत गंधक, जस्त आणि बोरॉन कमी पडतं, हे त्यातून ठळकपणे पुढे आलं. एवढं सगळं झालं, पण अहवाल हातात पडतो तो कन्नडमध्ये, आणि घरात मराठी वाचणारी आजी-काकू असतात. त्यांनी दोन शब्द ओळखून ठेवावेत: सारजनक म्हणजे आपलं नत्र, रंजक म्हणजे स्फुरद. पोटॅश दोन्हीकडे कळतं. रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना दिला की अहवाल मिळतो. हिरवळीचा नमुना शेतासारखा वीतभर खोल घेऊ नका. हरळीची बरीचशी मुळं वरच्या तीन-चार इंचांत असतात, तेवढंच घ्या. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र कालवा, सावलीत वाळवा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाका, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा.

पिवळं पडलेलं गवत पाहून युरिया टाकणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. पात्याकडे जवळून पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी आणि वरची हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. गवत जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतं. उलट कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर नत्राचा दोष नाही, लोह मिळत नाही. काळ्या चुनखडीच्या जमिनीत आणि सिमेंटचा राडा गाडलेल्या अंगणात हे हमखास दिसतं. तिथे युरिया घातला तर वाढ जोरात होते आणि पिवळेपणा आणखी वाढतो. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून संध्याकाळी फवारलं की आठवड्यात फरक कळतो. फरशीवर मात्र ते उडू देऊ नका, तांबडे डाग निघत नाहीत.

स्फुरदाचं थोडक्यात: जमलेल्या हिरवळीवर डीएपी टाकू नये. नवीन लावताना मुळांसाठी स्फुरद हवं, नंतर ते मातीत जिथल्या तिथे बसून राहतं. तांबड्या मातीत लोह त्याला धरतं, काळ्यात चुना. वाहून गेलंच तर तळ्यात शेवाळ माजवतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २००५ पासून जमलेल्या हिरवळीवर स्फुरद टाकायला राज्यभर बंधन घातलं ते याचसाठी. एका पोत्याला तुरीच्या रानात जे काम आहे ते अंगणात नाही.

जास्त खत गवताला जाळत नसलं तरी काय करतं, याचं उत्तर इंग्लंडच्या रोथमस्टेडमध्ये १८५६ पासून उभं आहे. पार्क ग्रास नावाच्या त्या कुरणाचे पट्टे पाडून प्रत्येकाला वर्षानुवर्षं वेगळं खत दिलं गेलं. खत न दिलेल्या पट्ट्यांत गवतांच्या आणि फुलांच्या सगळ्यात जास्त जाती राहिल्या. अमोनियाचं नत्र भरपूर दिलेल्या पट्ट्यांत माती आंबट झाली आणि मोजक्याच जाती उरल्या. दीडशेहून अधिक वर्षं कुणीतरी दरवर्षी ते गवत कापून, वाळवून, तोलून ठेवतं आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शेणखताला मी अंगणात पहिला मान देतो, पण त्याचाही हिशोब हवा. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का. २० किलो चाळून पसरलं तर १०० ग्रॅम, आणि पहिल्या वर्षी त्यातला तिसरा हिस्साच गवताला मिळतो. बाकीचं माती भुसभुशीत करतं, ओल धरतं, पुढच्या वर्षी देतं. उकिरड्यावरचं अर्धकच्चं शेण मात्र तणाचं बी घेऊन येतं, ते नको.

आणि एक हिशोब कुणीच घालत नाही, तो बोअरच्या पाण्याचा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची हद्द लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेवढं नायट्रेट असलेल्या पाण्यात लिटरला १० मिलिग्रॅम निव्वळ नत्र असतं. ३०० चौरस फूट म्हणजे २८ चौरस मीटर. उन्हाळ्यात मीटरला रोज पाच लिटर धरले तर १४० लिटर. रोजचं १.४ ग्रॅम, १०० दिवसांचं १४० ग्रॅम नत्र. म्हणजे न टाकलेलं ३०० ग्रॅम युरियाचं खत नळीतून अंगणात येतं. बोअरचं पाणी एकदा तपासून घ्या. खतासाठी नाही तरी घरातल्या लहान बाळासाठी ते करायलाच हवं.

हे सगळं घेऊन वहिनींच्या अंगणाचा हिशोब आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर वहीत मांडला. तीन हप्त्यांचं नत्र, प्रत्येकी १३८ ग्रॅम, म्हणजे ४१४ ग्रॅम. कापलेलं गवत तिथेच पसरायचं ठरलं, त्याचे १०० वजा. शेणखताचे ३० वजा. त्यांच्या बोअरचा अहवाल आला तो नेमका हद्दीजवळचा, म्हणून त्याचे १४० वजा. उरले १४४ ग्रॅम नत्र. युरियात मोजलं तर ३१३ ग्रॅम.

म्हणजे तीन हप्त्यांऐवजी एकच हप्ता. तोही तांबड्या मातीमुळे दोन भागांत, जूनच्या ओलीवर दीडशे ग्रॅम आणि तीन आठवड्यांनी दीडशे ग्रॅम, घमेलंभर वाळूत कालवून, एकदा उभं आणि एकदा आडवं चालत. पेरणीच्या दिवसांत शेतकरी ज्या अनुदानाच्या युरियासाठी रांगेत उभा असतो, त्यातलं एवढंच अंगणाला पुरतं. तुमच्या अंगणाची लांबी-रुंदी टेपने मोजा, बोअरचा आणि मातीचा अहवाल शेजारी ठेवा आणि मगच पिशवीला हात घाला. वहिनींकडे भालकीहून आलेल्या पिशवीत अजून तीन किलो युरिया उरला होता; या हिशोबाने तो त्यांना नऊ वर्षं पुरला असता, म्हणून त्यांनी तो दिवाळीला गावी परत नेला आणि रब्बीच्या जोंधळ्याला दिला.